परदेशातले मसाले आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारी: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात मी एका उत्तरात जाता जाता झातार या लेबनॉनकडच्या मसाल्याचं नाव घेतलं आणि तिथेच फसले बहुतेक, कारण त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त या बाहेरच्या मसाल्यांचेच. आपल्या नाशकात आता प्रदर्शनात, सोसायटीच्या ग्रुपवर, ओळखीतल्या कुणाच्या तरी सुनेकडे असे छोट्या बाटल्यांमधले मसाले मिळायला लागलेत, मोठ्या कंपन्यांचे नाहीत, घरच्या घरी नाहीतर दोन-तीन बायकांनी मिळून केलेले, आणि लोक हौसेने घेतात आणि मग अडकतात. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न (केकवाल्यांनो, रागावू नका) पुढच्या अंकावर ढकलले.

प्रश्न: ताई, गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनात एका मुलीच्या स्टॉलवरून चार बाटल्या घेतल्या. झातार, दुक्का, रास एल हनूत आणि बर्बरे. झातार बटाट्याच्या भाजीच्या फोडणीत घातला तर करपून भाजी कडू झाली, आमच्या ह्यांनी वाटीच बाजूला सारली. रास एल हनूत दह्यावर भुरभुरला तर काढ्यासारखा लागला. आता चारही बाटल्या फ्रीजच्या डोक्यावर बसून माझ्याकडे बघतायत. काय करू? (इंदिरानगरच्या एक काकू)

उत्तर: काकू, तुम्ही फक्त अदलाबदल केलीत, बाकी काही चुकलं नाही. जो फोडणीत घालायचा नाही तो फोडणीत घातलात आणि जो शिजवायचा तो कच्चा खाल्लात. आणि हे बाटलीवर कुणी लिहीत नाही हो, समोर "अरबस्तानची जादू" वगैरे लिहितात पण मागे एक ओळ, की बाई हे गॅस बंद केल्यावर घाल, ती नसते.

मी स्वतः एकच प्रश्न विचारते, की हा मसाला आहे की चटणी? आपल्या घरात दोन्ही असतात आणि आपण कधी गोंधळत नाही. काळा मसाला तेलात, वाटणात परतून शिजवायचा, तिळाची नाहीतर जवसाची चटणी ताटात वाढायची. (काळ्या मसाल्यावर कच्चं तेल ओतून भाकरीशी खाणारे असतात, माझे सासरेच खायचे, पण त्यांचं पोट वेगळं होतं.) आता बाटली उघडून बघा. आत तीळ, दाण्यांचे तुकडे, पानांचा चुरा दिसतोय आणि चिमूटभर तोंडात टाकली तर मीठ लागतंय, लगेच अजून खावंसं वाटतंय, म्हणजे ती चटणी. एकसारखी मऊ पूड आहे, मीठ नाही, जिभेवर कोरडी कच्चट लागतेय, म्हणजे तो मसाला, त्याला तेल-तूप आणि वेळ दोन्ही द्यायचं.

तुमच्या चारातल्या दोन चटण्या आहेत आणि दोन मसाले.

झातार ही चटणी. त्यात त्याच नावाची एक रानटी पाला-वनस्पती वाळवून घालतात, ओरेगॅनो आणि थाईमच्या गोतावळ्यातली, शिवाय भाजलेले तीळ, मीठ आणि सुमाक. सुमाक म्हणजे एका झुडपाची लालभडक आंबट फळं वाळवून केलेली भरड, आणि गंमत म्हणजे ते झुडूप आपल्या आंब्या-काजूच्याच कुळातलं, म्हणजे ते लोक सुमाक घालतात आणि आपण आमचूर घालतो, भाऊबंदच म्हणायचे. आता हा वाळका पाला आणि आधीच भाजलेले तीळ तुम्ही कडकडीत तेलात टाकलेत तर पाच सेकंदात काळे होणार, दुसरं काय होणार. लेबनॉनमध्ये सकाळी गरम रोटीवर ऑलिव्हचं तेल आणि झातार फासून भाजून खातात, मनूशे म्हणतात त्याला, २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं ते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, कारण तेल-चटणी-भाकरी! तुम्ही तेच करा, ज्वारीची गरम भाकरी, वर शेंगदाण्याचं घाण्याचं तेल, वर झातार. थालीपीठ उतरवल्या उतरवल्या, काकडीच्या कोशिंबिरीत, चक्क्यावर, उकडलेल्या बटाट्यावर. आणि बटाट्याची भाजी करायचीच असेल तर नेहमीसारखी परता, मीठ जरा हात राखून घाला आणि खाली उतरवल्यावर झातार.

दुक्का इजिप्तचा, तोही चटणी. दाणे, तीळ, धणे, जिरे भाजून जाडसर कुटायचे, तिकडे बहुतेक हेझलनट घालतात. नावाचा अर्थच मुळी कुटणे. आपण दाण्याचं कूट म्हणतो, ते दुक्का म्हणतात, झालं. रोटीचा तुकडा आधी तेलात बुडवायचा मग दुक्क्यात, नाहीतर अर्ध्या उकडलेल्या अंड्यावर घाला. ती बाटली मात्र आधी संपवा, का ते पुढे सांगते.

रास एल हनूत मोरोक्कोचा आणि हा अस्सल मसाला, आपल्या गोड्या मसाल्याचा मावसभाऊ. नावाचा अर्थ दुकानाचं डोकं, म्हणजे दुकानदाराकडचं जे उत्तम ते, त्यामुळे याचं ठरलेलं प्रमाण नाहीच, प्रत्येक दुकानाचा वेगळा, जसा तुमचा गोडा मसाला आणि तुमच्या जावेचा कधी जुळणार नाही तसं. दालचिनी, वेलदोडा, लवंग, जायफळ, जायपत्री, सुंठ, मिरी, काही जण गुलाबाच्या पाकळ्यासुद्धा. हा दह्यावर कच्चा टाकला तर काढाच लागणार. अर्धा किलो लाल भोपळा आणि गाजर, वाटीभर शिजवलेले छोले, कांदा तेलात चांगला मऊ करून त्यात मंद आचेवर दीड चमचा हा मसाला मिनिटभर परता, मग भाज्या, मूठभर बेदाणे, मीठ, वाटीभर पाणी, झाकण, आणि उतरवताना लिंबू. तिकडे हे कुसकुसबरोबर खातात, तो रव्याचाच प्रकार, मी सरळ गव्हाचा दलिया मोकळा शिजवून घेते आणि कुणाला फरक कळलेला नाही.

बर्बरेवर स्वतंत्र प्रश्नच आलाय.

प्रश्न: मुलगा पुण्याहून बर्बरे नावाचा इथिओपियाचा मसाला घेऊन आला. वासाला आपल्या काळ्या तिखटासारखाच वाटला म्हणून मटकीच्या उसळीला वापरला. तिखट झाली पण चव बसली नाही, मसाला वर तरंगत होता. नीट कृती द्याल का? (पंचवटीतल्या एक आजी)

उत्तर: आजी, तुमचं नाक बरोबर आहे, जवळचाच मसाला आहे तो. सुकी लाल मिरची, मेथी, धणे, ओवा, काळे तीळ नव्हे तर कलौंजी, आलं-लसूण, लवंग, दालचिनी आणि त्यांच्याकडची एक मोठी वेलची. फरक पडतो तो मेथीमुळे, कारण मेथी बऱ्यापैकी असते आणि तिला शिजायला वेळ लागतो, घाई केली की कडवट आणि कच्ची राहते. उसळीत तुम्ही फोडणी करून लगेच मटकी आणि पाणी घातलं असणार, आपण तसंच करतो, आणि तिथेच मसाला कच्चा राहिला.

त्यांची पद्धत ऐकाल तर नाशिककर म्हणून तुम्हाला आनंदच होईल, कारण सगळा खेळ कांद्याचा आहे. चार जणांसाठी तीन मोठे कांदे, आणि बारीक म्हणजे खरंच बारीक चिरलेले, जाड बुडाच्या पातेल्यात तेलाशिवाय घालायचे. हो, तेलाशिवाय! मंद आचेवर, सारखं हलवत, लागायला लागला की चमचाभर पाण्याचा शिपका मारायचा, असं पंधरा-वीस मिनिटं, कांदा पार गळून लगदा होईपर्यंत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दहाव्या मिनिटाला धीर सुटला आणि तेल ओतलं, तर ती नेहमीची आपली ग्रेव्ही झाली, वाईट नाही पण ते नव्हे. आपला लाल कांदा पाणी जास्त सोडतो म्हणून त्याला शिपका कमी लागतो, उन्हाळी कांदा घेतलात तर लक्ष द्यावं लागतं पण रस्सा दाट येतो, मला उन्हाळीच आवडतो यासाठी. मग चार चमचे तेल, बोटभर आलं आणि सात-आठ पाकळ्या लसूण ठेचून, दोन मिनिटांनी दोन चमचे बर्बरे, आणि परत पाण्याचा शिपका देत देत पाच-सात मिनिटं परतायचा, कडेने तेल सुटून रंग विटकरी होईपर्यंत. त्यानंतर धुतलेली वाटीभर मसूर डाळ, तीन-साडेतीन वाट्या पाणी, मीठ, आणि झाकण अर्धवट ठेवून डाळ विरघळेपर्यंत. कुकर लावू नका, चव मुरत नाही. याला तिकडे मिसिर वट म्हणतात.

तूप आवडत असेल तर त्यांचं मसाल्याचं तूप करता येतं, लोणी कढवतानाच त्यात आल्याचा तुकडा, लसूण, चार मेथीदाणे, वेलदोडा आणि चिमूट हळद टाकायची आणि गाळून घ्यायचं, शेवटी चमचाभर डाळीवर सोडायचं. त्यांच्याकडे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपवास फार, बुधवार-शुक्रवार तर धरलेलेच, त्या दिवशी मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही म्हणून मग तेलातली डाळ. म्हणजे हा उपवासाचा पदार्थ झाला, पण आजी, आपल्या चतुर्थीला नाही चालायचा हं.

सोबत ते इंजेरा खातात, टेफ नावाच्या बारक्या धान्याचं पीठ आंबवून केलेली जाळीदार मोठी पोळी, आंबोळीच्याच जातीची. आंबोळी करा, नाहीतर भाकरी आहेच. आणि मटकीलाही चालेल हा मसाला, फक्त कांद्याची ती वीस मिनिटं चुकवू नका.

प्रश्न: आपले मसाले काय कमी आहेत म्हणून बाहेरचे आणायचे? दोनशे रुपयांत ५० ग्रॅम! आमच्या आईने आयुष्यभर एका काळ्या मसाल्यावर घर चालवलं. (नाशिकरोडचे एक काका)

उत्तर: काका, आईंच्या काळ्या मसाल्याला माझा दंडवत, पण त्यात मिरची होती ना? ती पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, मूळची अमेरिका खंडातली, त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं, बाद्यान चीनकडचं, हिंग तर अजूनही बहुतेक अफगाणिस्तान-इराणकडूनच येतो. उद्या कुणी फक्त इथला मसाला करा म्हणालं तर डब्यात तीळ, मिरी, वेलदोडा, हळद असं थोडंच उरेल आणि मिसळीची तर्री पांढरी होईल. कुणाच्या तरी पणजीच्या सासूने पहिल्यांदा मिरची वाटली असणार तेव्हाही घरात कुणीतरी हेच म्हटलं असेल, बहुतेक काकाच.

पैशांचं मात्र तुमचं अर्धं पटतं मला, पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न: छोट्या व्यवसायातून मसाला घेताना काय बघायचं? सगळेच "होममेड, नैसर्गिक" म्हणतात. आणि एका आयात केलेल्या पाकिटावर गोलात हिरवं फूल होतं आणि इरॅडिएटेड असं लिहिलेलं, ते खायला सुरक्षित आहे का, लहान मुलं आहेत घरात. (कॉलेज रोडच्या एक ताई)

उत्तर: पहिली गोष्ट, पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूचा उंट आणि वाळवंट बघू नका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव मीठ असेल तर तुम्ही दोनशे रुपयांचं मीठ घेताय. पेरी पेरी नावाने जे भुरभुरायला मिळतं ना, फ्राइजवर वगैरे, त्यात हे फार दिसतं, मीठ, मिरची, लसूण पावडर, सायट्रिक अॅसिड, संपलं. मूळ पेरी पेरी हा ओला सॉस, मोझांबिककडच्या बारक्या मिरच्या, लिंबू, लसूण, तेल, त्यात मांस मुरवायचं. पिलीपिली हे पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतलं मिरचीचं नाव, त्यावरून पेरी पेरी. सुमाकच नसलेला आणि नुसतं लिंबूसत्व घातलेला झातारही मी बघितलाय. तो चवीला वाईट नव्हता पण झातारही नव्हता, आणि पैसे झातारचे घेतले होते.

मग १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर, अगदी घरून करणाऱ्यालाही नोंदणी लागते, ती नसेल तर मी गोड बोलून पुढे जाते. आणि करून ठेवल्याची तारीख, ही सगळ्यात महत्त्वाची. एका प्रदर्शनात मी सुंदर काचेची बाटली, दोरी बांधलेली, वर हाताने लिहिलेलं लेबल असं बघून दुक्का घेतला, नाव नाही सांगत, आणि घरी उघडला तर खवट. दाणे आणि तीळ कुटले की त्यातलं तेल मोकळं होतं आणि हवा लागून खवट होतं, नुसत्या पुडीच्या मसाल्यासारखं ते वर्षभर नाही राहत. तारीखच नव्हती बाटलीवर, मी विचारलीही नाही, दोरीला भुलले. तेव्हापासून मी सरळ म्हणते, "ताई, झाकण उघडून वास देता का?" जी खरी करणारी असते ती आनंदाने उघडते, वर सांगते की सुमाक कुठून मागवला, तीळ कुठल्या दिवशी भाजले, आपल्याला कंटाळा येईपर्यंत सांगते. याचेच जास्तीचे पैसे देते मी. कमी घाण्यात, ताजं भाजून, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं करणं महागच पडतं आणि मोठ्या कारखान्याचा गोदामात पडलेला मसाला त्या वासाला पोहोचत नाही. पण ५० ग्रॅमच्या वर घेऊ नका, कितीही सूट दिली तरी.

यादीत ५५१ असा आकडा दिसला तर घाबरू नका, ती गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली सिलिका, ६२१ म्हणजे अजिनोमोटो.

आता हिरवं फूल. त्याला रॅडुरा म्हणतात. अर्थ इतकाच की मसाल्यावर किरणांचा मारा करून त्यातले जंतू, किडे मारलेत. मसाले उघड्यावर वाळतात, त्यात माती, जंतू सगळं येतं, आणि उकळून तर निर्जंतुक करता येत नाहीत, म्हणून ही पद्धत. किरण आरपार जातात, पदार्थात काही राहत नाही, मसाला किरणोत्सर्गी होत नाही. आणि ताई, हे आपल्याला नवीन नाही हो, आपल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक" केंद्र आहे, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभं राहिलेलं, आणि २००७ मध्ये हापूस परत अमेरिकेला जायला लागला तो तिथून किरण मारूनच. लासलगावचं नाव निघालं की आपल्याला फक्त कांद्याचा भाव आठवतो! मुलांना खुशाल द्या.

प्रश्न: पावसाळ्यात हे मसाले दगड होतात. फ्रीजमध्ये ठेवू का? आपल्या मसाल्यासारखा हिंगाचा खडा टाकू का? (त्र्यंबक रोडचे एक वाचक)

उत्तर: हिंगाचा खडा काळ्या मसाल्यात टाका, झातारमध्ये अजिबात नाही, आठ दिवसांत सगळ्याला हिंगाचा वास, दुसरं काही लागणारच नाही.

मसाला दगड होतो तो बहुतेक वेळा पावसाने नाही, आपल्याच हाताने. कढईवर बाटली उलटी धरून झटकायची सवय असते आपल्याला, वाफ सरळ बाटलीत जाते. वाटीत काढून घ्या, मग घाला, चमचा कोरडा. दुक्का, झातार, म्हणजे दाणे-तीळवाले, फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, आधी बरणी बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या नाहीतर आत पाणी सुटतं. बाकीची पूड अंधाऱ्या कपाटात, गॅसच्या वरच्या फळीवर नाही, ती जागा सगळ्यात वाईट आणि नेमके सगळ्यांचे मसाले तिथेच असतात, माझेही होते. गुठळ्या झाल्या आणि वास चांगला असेल तर जड बुडाच्या तव्यावर गॅस बंद करून नुसत्या उरलेल्या धगीवर मोकळा करा. बुरशीचा कुबट वास आला तर जीव अडकवू नका, टाकून द्या.

प्रश्न: मी होस्टेलला आहे, फक्त केटल आहे. काहीतरी सांगा. (एक विद्यार्थी, आडगाव)

उत्तर: शिचिमी. जपानचा आहे, नावाचा अर्थ सात चवी, १६२५ सालापासून चालत आलेला, आधी एदोला म्हणजे आताच्या टोकियोला औषधी पाल्यावाल्यांनी विकायला काढला. मिरची, तीळ, वाळलेली संत्र्याची साल, समुद्री शेवाळ वगैरे, आणि सान्शो, जो आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच घरातला, म्हणून जीभ जराशी बधिर होते, घाबरू नकोस. नूडल्स झाल्यावर वरून. ही चटणीच आहे, शिजवायची नाही. आणि मेक्सिकोवाल्यांचा मिरची-लिंबू-मीठ मसाला मिळाला तर पेरूवर, काकडीवर लाव, आणि हिवाळ्यात जराशा आंबट द्राक्षांवर लावून बघ, हे मात्र माझं स्वतःचं संशोधन आहे.

प्रश्न: आमचा सात जणींचा बचत गट आहे, उन्हाळ्यात काळा मसाला आणि मिरची कांडून देतो. आता मुली म्हणतात की झातार, बर्बरे असं काहीतरी करा, त्याला भाव आहे. सुमाक परवडत नाही, आमचूर घालून केलं तर चालेल का? आणि गटातल्या एकीचा भाऊ दुबईला आहे, तो म्हणतो काळा मसाला पाठवा, इथे विकतो. (सिन्नर तालुक्यातल्या एक ताई)

उत्तर: ताई, आमचूर घालून करा, चांगलंच लागेल, पण त्याला झातार म्हणू नका. त्यात कमीपणा नाही. तीळ, आमचूर, थोडा वाळलेला पुदिना, आणि ओवा, कारण ओव्यात आणि थाईममध्ये वासाचं द्रव्य एकच आहे, थायमॉल, त्यामुळे त्या अंगाने वास बरोबर जातो. ओवा हलका भाजून भरडायचा आणि बेताने, पाव किलो तिळाला चहाच्या दीड चमच्याच्या वर नको, नाहीतर पोटदुखीचं औषध होईल. आणि नाव द्या तुमचं, सिन्नरची आंबट तीळ-चटणी म्हणा, भाकरीवर, पिझ्झ्यावर, कशावरही टाका असं लिहा. जिला झातार माहितीये ती चाखून म्हणेल अरे हे तर तसं लागतं, जिला माहिती नाही तीही घेईल. झातार लिहून आमचूर घातलात तर पहिल्याच जाणकार गिऱ्हाइकापाशी नाव जाईल, आणि गाव लहान असतं ताई.

बर्बरे मात्र तुम्ही उत्तम कराल, कांडप यंत्र तुमच्याकडे आहे आणि मिरची भाजायचा हात आहे. ब्याडगी रंगाला, थोडी लवंगी तिखटाला. मेथी मंद भाजा, लालसर झाली की उतरवा, काळपट झाली तर सगळा घाणा गेला. त्यांची ती मोठी वेलची आपल्याकडे मिळत नाही, आपली मसाला वेलची वापरलीत तर धुरकट वास येतो, म्हणून हिरवी वेलची थोडी जास्त घाला आणि लेबलवर "बर्बरे पद्धतीचा" असं लिहा. पहिला घाणा किलोचाच काढा, ओळखीत वाटा, आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा: हा मसाला आहे, कांद्यावर तेलात पाच मिनिटं परतायचा. तेवढ्या एका ओळीने इंदिरानगरच्या काकूंसारख्या कितीतरी जणींची भाजी वाचेल.

दुबईचं मात्र थांबा! तुमच्या काळ्या मसाल्यात खसखस आहे का? तिकडे खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून, आणि बंदी म्हणजे नुसती जप्ती नाही, माणूस अडकतो. सिंगापूरलाही तेच. भावाच्या पिशवीत चुकूनही तो मसाला देऊ नका, दाणा-दाणा वेगळा दिसत नसला तरी. पाठवायचाच असेल तर वेगळा घाणा करा, खसखस वगळून, तीळ आणि खोबरं जरा वाढवून, आणि त्याआधी कांडप यंत्र नीट पुसून घ्या, आधीच्या घाण्याची खसखस उखळात बसलेली असते.